माणूस खाली, बॅट वर

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो, तुमच्या भाऊजींना बाउन्सर दिसत नाही का?" अहो, मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, गिऱ्हाईक येतं, अक्षरांच्या तक्त्यासमोर बसतं, एक डोळा झाकतं, तिसऱ्या ओळीतला 'घ' आणि 'ध' काही केल्या वेगळा ओळखत नाही आणि मला म्हणतं, "एखादा चष्मा त्यांनाही द्या की." म्हणजे ज्याला चार हातांवरचा तक्ता दिसत नाही, त्याने बावीस यार्डांवरच्या माणसाला शिकवायचं...

तुम्हाला सांगतो, भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कसोटी संघाचे सलामीवीर. वय चौतीस. स्वभावाने इतके गरीब, की चहात साखर नसली तर कप रिकामा झाल्यावर सांगतात. आठ वर्षं नवा चेंडू खेळले, सात शतकं काढली, तेव्हा कोणी दुकानात येऊन माझं अभिनंदन केलं नाही. आणि यंदा पाहुण्यांच्या संघात तो जिराफ आला. सगळे त्याला जिराफच म्हणतात. सहा फूट आठ इंच उंची, वर हात, म्हणजे चेंडू पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सुटावा तसा सुटतो, आणि आपटतो कुठे, तर खेळपट्टीच्या निम्म्यात, आणि तिथून उसळतो तो थेट हनुवटीखाली. मधे वेळ किती, तर अर्धा सेकंदसुद्धा नाही. अर्ध्या सेकंदात आपण काय करतो सांगा? शिंक आली तर रुमाल सापडतो का?

भाऊजी खाली बसायचे. बसावं, बसण्यात काही गैर नाही. पण बसताना हात वरच विसरायचे. अख्खा माणूस दुमडून गुडघ्यांपाशी आणि बॅट मात्र उभी, गर्दीत हरवलेल्यांना दिसावी म्हणून धरलेल्या छत्रीसारखी. चेंडू बिचारा डोक्यावरून निघून चाललेला, त्याचं कोणाशी काही भांडण नाही, तो त्या बॅटला लागायचा आणि झेल. माणूस खाली, बॅट वर. पहिल्या कसोटीत दोनदा, दुसऱ्या कसोटीत दोनदा. चार डावांत मिळून एकोणीस धावा, त्यातल्या चार तर ग्लोव्हला लागून गेलेल्या, त्यांना विचारल्याशिवाय.

मग काय, सगळ्या जगाला तोंड फुटलं. टीव्हीवरचे तज्ज्ञ घसा खाकरून, "मला वाटतं, हा तंत्राचा प्रश्न नसून मानसिकतेचा आहे..." दुसरे तज्ज्ञ, "मला वाटतं, हा मानसिकतेचा प्रश्न नसून तंत्राचा आहे..." संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "तू हुक मार." फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणाले, "हुक तेवढा मारू नकोस." न्हावी म्हणाला, "मान जरा सैल सोडा," पण तो केस कापण्यापुरतं म्हणाला असेल, तरी भाऊजींनी तेही मनावर घेतलं. आणि निवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला, फार गोड आवाजात, "तिसरी कसोटी खेळ, मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ कळायला काही चष्मा लागत नाही.

दोन्ही संघांनी एकेक कसोटी जिंकलेली, तिसरीला दहा दिवस. भाऊजी ताईला घेऊन चार दिवसांसाठी आमच्याकडे आले. दुपारी चहाला बसले. समोर आई. आमची आई म्हणजे निवृत्त खेळशिक्षिका, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं टेनिस शिकवलं, अजून दूधवाल्याशी बोलते तेही मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जावं असं. भाऊजींनी कप खाली ठेवला, आणि ज्या माणसाने आठ वर्षांत तक्रार म्हणून केली नाही, तो अगदी हळू म्हणाला, "आई, मला भीती वाटते."

मला वाटलं आता आई म्हणणार, छे, भीती कसली. पण आई म्हणाली, "वाटणारच. तो तुमच्या गळ्यावर चेंडू टाकतोय, जावईबापू, ओवाळत नाहीये. भीती वाटली म्हणून तुम्ही नक्की काय करता, ते मला दाखवा."

आणि तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासात आमच्या इमारतीच्या अंगणात हे दृश्य. पाण्याची टाकी आहे, चार फूट उंच, तिच्या झाकणावर आमची बासष्ट वर्षांची आई, पदर खोचलेला, हातात जुनी रॅकेट, पायाशी बादलीत भिजवलेले टेनिसचे चेंडू, आणि पंधरा पावलांवर हेल्मेट घालून देशाचा सलामीवीर. मी चेंडू वेचायला. आईने पहिला चेंडू असा हाणला, की तो फरशीवरून पाणी उडवत भाऊजींच्या कानाशी. माणूस खाली, बॅट वर. दुसरा. माणूस खाली, बॅट वर. पहारेकरी धावत आला, "बाई, कोणाला मारताय?" आई म्हणाली, "जावयाला." तो "बरं" म्हणाला आणि परत जाऊन खुर्चीवर बसला.

विसाव्या चेंडूला आई थांबली. म्हणाली, "तुम्ही डोळे मिटता."

भाऊजी म्हणाले, "नाही हो."

"मिटता. आधी तोंड फिरवता, मग डोळे मिटता, मग हातांना कळत नाही चेंडू कुठे आहे, म्हणून ते वरच राहतात. हातांची चूक नाही ती."

बघा, म्हणजे चष्म्याचा धंदा माझा, आणि मिटलेले डोळे दिसले कोणाला, तर आईला. संघाकडे आठ कॅमेरे होते, ते सगळे बॅट बघत होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईचं एकच चाललं होतं, "लागला तर लागू द्या, पण बघा. कुठे लागतोय ते बघा." आणि लागायचे हो. खांद्याला, बरगडीला, कोपराला. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून, "आई, पुरे," म्हणायची, आणि भाऊजीच म्हणायचे, "अजून एक बादली." तिसऱ्या दिवशी एक चेंडू आला नाकासमोर, भाऊजींनी मान मागे घेतली, हात पोटाशी आणले, आणि तो चेंडू जाताना त्यांनी त्याला अगदी दारापर्यंत सोडल्यासारखं बघितलं. आईने पुढचा चेंडू जास्त जोरात मारला. तिची शाबासकी तशीच असते.

तिसरी कसोटी. पहिल्या डावात चोवीस धावा, छान चाललेलं, आणि साथीदाराने धावबाद केलं. म्हणजे बाउन्सरचं उत्तर सापडलं तर माणसाने असं करावं? असो. शेवटचा दिवस उजाडला, जिंकणं शक्यच नाही, दिवसभर टिकायचं, नाहीतर मालिका गेली. जिराफ पहिल्याच षटकात यष्टीच्या दुसऱ्या बाजूने आला, म्हणजे चेंडू सरळ अंगावर यावा, पायाजवळ तीन माणसं उभी केली, अशी वाकून, जणू भाऊजींच्या खिशातून काही पडणार आहे. मी, आई, ताई खेळाडूंच्या घरच्यांसाठीच्या कक्षात. चेंडू आपटला, उसळला. ताईने माझा दंड धरला. माणूस खाली... आणि बॅटही खाली. आणि आमची आई, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं, "बघितलं त्यांनी."

मग तुम्हाला काय सांगू, सहा तास. छातीला लागला, भाऊजी उभे. बोटाला लागला, भाऊजी हात झटकून उभे. एक हेल्मेटला लागला तेव्हा डॉक्टर धावत गेले, डोकं ठिकाणावर आहे का बघायला प्रश्न विचारले, "आज वार कोणता?" भाऊजींनी बरोबर सांगितला. "समोर कोण आहे?" भाऊजी जिराफकडे बघत म्हणाले, "सासूबाई." झालं. डॉक्टर त्यांना बाहेर काढायला निघाले. कर्णधाराला आत येऊन सगळी हकीकत सांगावी लागली, टाकीसकट, मग डॉक्टरांनी सगळी तपासणी पुन्हा नीट केली, आणि भाऊजी राहिले.

एकेक जोडीदार गेला, आठ बाद झाले, पण हे काही हलेनात. शेवटचं षटक जिराफचंच. सहाच्या सहा आखूड. पाच सोडले. सहावा आला तेव्हा त्याच्यातही काही राहिलं नव्हतं, चेंडू दमून कमरेएवढाच आला, भाऊजींनी तो पायाशी दाबला, आणि सामना अनिर्णित. नाबाद एकेचाळीस, दोनशे अडतीस चेंडू. जिराफ एवढा वाकला, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. भाऊजी हसले. आठ आठवड्यांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर सदरा काढला तर अंगावर अकरा निळे डाग. ताई बघतच राहिली. आई बर्फ घेऊन बसली, एकेक डाग शेकत म्हणाली, "हा त्याचा... हाही त्याचा... हा कोपराचा माझा आहे, मागल्या पंधरवड्यातल्या गुरुवारचा, माफ करा हं." भाऊजी म्हणाले, "आई, पुढच्या दौऱ्यावर निवड झाली माझी." आईने बर्फ तिथेच धरून ठेवला. डोळे पुसले की नाही मी बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण सांगत नाही.

मग विचारलं, "दौरा कुठे?"

भाऊजी म्हणाले, "तिथे वेगवान गोलंदाजी नसतेच म्हणा. पहिल्या दिवसापासून फिरकी. चेंडू हातभर वळतो."

आई जरा विचारात पडली. म्हणाली, "ते माझं काम नाही. मी आयुष्यात सगळं सरळच मारलं. फिरवून टाकणारं माणूस हवं तर ते तुमच्याच घरी आहे. तुमच्या मातोश्रींना बोलवा. लग्नाला नऊ वर्षं झाली, विहीणबाईंचं कोणतं वाक्य कुठे पडून कोणाकडे वळेल, ते अजून मलाही वाचता आलेलं नाही."

काल त्या राहायला आल्यात. मी दार उघडलं, तर म्हणाल्या, "अरे वा, चष्म्याच्या दुकानात बरंच खायला मिळतं वाटतं." आणि हा नुसता सराव चाललाय.