पुलियाच्या अलीकडे

नाई, डॉक्टरबाई, हाका मारू नका मयुरीच्या बाबाले. एक कान तर गेलाच हाये, दुसऱ्यानं आपल्या मनचंच ऐकते. पुलिया दिसली का गाडी थांबवते, उतरते, खालच्या नाल्यातून पायी पार होते आन् तिकडे वाट पाहत बसते. तुमच्या सलाईनची सुई बी त्यायनंच काढली — पहा, कापूस दाबून, नीट. कमांडो होते ना, हे समदं शिकवलं त्यायले. घरी आल्यावर गाडीत कसं बसावं, थे कोनी शिकवलं नाई.

येडे? येडे नाई हो माझे घरचे. पथकात सगळ्यायच्या पुढं हेच चालत — रस्ता सोडून, धानाच्या बांधीतून, झुडपातून. पुलियाखाली नक्षलवाले बारूद पुरून ठेवत तवा. त्या दिवशी एका सायबाले घाई होती, गाडीनंच चला म्हणे. हे म्हणाले, खालून पाहून येतो. ह्यायचा जोडीदार खुशाल होता गाडीवर, थो हासला — जंगूभाऊ, तू पाय भिजव, मी तिकडे चहा सांगून ठेवतो. हे नाल्याच्या वळणावर असतानाच वर गाडी उडाली. खुशाल गेला. ह्यायच्या अंगावर खरचटा नाई. आन् खरचटा नाई म्हणून सरकारी कागदावर जखमी बी नाई. मंग डोकं दुखाले लागलं, झटके याले लागले, पोरीचं नाव इसरले एक दिवस — मयुरी समोर उभी आन् हे म्हणते, ही कोन? थे कोनाले दाखवू मी? रक्त कुठी हाये?

छब्बीस जानेवारीले मात्र बोलावते. फेटा बांधते. वरून फटाके फोडते — फटाके, बाई, ह्यायच्यासमोर. हे खुर्चीखाली. शाळेतले पोरं हासले, आन् सायब बी हासले, थोडेसेच.

तुम्ही दिल्लीत शिकून आल्या, इथी आल्या, चांगलं केलं. डोक्याचा फोटो काढलाच पाहिजे, आता उशीर नको, हे बी समजलं मले. पण फोटो निघते ब्रह्मपुरीले, आन् ब्रह्मपुरीच्या अलीकडे वैनगंगा हाये. तिले काय नाल्यासारखं पायी जाता येते? मागच्या खेपेले तिथूनच वापस आलो. म्हणून ह्या खेपेले मुखरू नावाड्याचा डोंगा सांगून ठेवला मी. हो, डोंगा. झटका आला तर मी धरीन, मुखरू धरीन. तुम्ही अँब्युलन्स घेऊन तिकडच्या काठावर थांबा. असं कोन्या पुस्तकात नसन, मले मालूम हाये.

मी? नाई, तुम्ही व्हा पुढं. मी येतो ना. चप्पल तुटली हाये माझी, म्हणून — बरं, चप्पल नाई तुटली. ड्रायव्हरभाऊले म्हणा, आधी गाडी रिकामीच पुलियावरून घेऊन जा. मले काई भेव नाई. रोज सांगतो ह्यायले, आता खाली काई नसते, वाकून दाखवतो. पण एकटी बाजाराले जातो तवा बी… मयुरी शाळेत जाते ना, थे बी सायकल घेऊन नाल्यातूनच जाते. म्या नाई शिकवलं तिले. बुटं भिजते, मास्तर ओरडते, तरी.

काऊन, बाई, बुटं काऊन काढून राह्यल्या?

नका. बसा गाडीत, दरवाजा लावून घ्या. एकदा उतरलं का मंग बसवत नाई.