अंजनाबाईच्या मशीनले नवा पंप

…नाई नाई, पयले माहं ऐकून घ्या, मंग चहा प्या! मशीन चांगली चालून राहिली होती. हे मी देवासमोर सांगाले तयार हाय, कोर्टात सांगाले तयार हाय, दुर्गच्या कलेक्टर हापिसात टेबलावर उभी राहून सांगाले तयार हाय, का चरोद्याच्या अंजनाबाईच्या, म्हनजे माह्या, लाकडाच्या टालीतली, वखारीतली, लाकूड फाडाची मशीन चां-ग-ली चालून राहिली होती! आता तुमी म्हनान, मंग बिघडली कावून? बिघडली नाई जी… सुधारली. बिघडली असती तं दुरुस्त करता आली असती. सुधारलेल्या मशीनले कोनता मिस्त्री दुरुस्त करन, सांगा मले!

आता मशीन म्हनजे काई विमान नाई. इकडून एक लोखंडी पाचर, तिकडून एक दट्ट्या, मधी ओंडका आडवा ठेवाचा. खाली मोटर, मोटरीले जोडून पंप… मोटर पंपाले फिरवते, पंप तेलाले ढकलते, तेल दट्ट्याले ढकलते, दट्ट्या ओंडक्याले ढकलते, अन् ओंडका पाचरीवर जाऊन कर्रकन फाटते. बाभूळ असो, सिरस असो, गाठीचं लाकूड असो… म्हातारी बाई जिना चढते तशी हळूहळू, पन चढते! दट्ट्या वापस येईपर्यंत मी सुपारी कातरून घेतो, गिऱ्हाइकाले दोन शब्द विचारून घेतो. मले कोनती गाडी पकडाची हाय? सासरे गेले तवापासून टाल मीच पाहून राहिली. हे स्टील प्लांटमंदी ड्यूटीवर, मी टालीत. यायनं इतक्या वर्सांत टालीकडं ढुंकून पाह्यलं नाई, अन् टाल मस्त चालली. या दोन गोष्टीचं एकमेकीशी काई नातं असन का, तुमीच विचार करा.

हे म्हनजे आमच्या गुड्डूचे बाबा, बळीराम… प्लांटमंदी हायड्रॉलिकवाले. आता रिटायर झाले. रिटायर झाल्यावर मानूस काय करते? आराम करते, देवाचं नाव घेते. यायनं पयल्या हप्त्यात घरच्या नळाचं प्रेशर पाह्यलं. दुसऱ्या हप्त्यात कुकरची शिट्टी उशिरा होते म्हनून माहं प्रमोशन रोकलं. अन् तिसऱ्या हप्त्यात आले ना टालीत! हात मागं बांधून, साहेब राउंडवर येते तसे. दट्ट्या जाताना पाह्यला, येताना पाह्यला, अन् डॉक्टर पेशंटच्या तोंडावर सांगत नाई पन नातेवाइकायले बाजूले घेते ना, तसं मले बाजूले घेतलं. म्हनते, "अंजना, मशीन लय स्लो हाय. पंप अपग्रेड करा लागन."

मी म्हटलं, मशीन चांगली चालून राहिली. तं म्हनते, चालून राहनं वेगळं अन् परफॉर्म करनं वेगळं. पाहा आता! इतकी वर्सं यायच्यासोबत संसार केला, अन् मले आज समजलं का आपन नुसते चालूनच राहिलो होतो.

आनि मुहूर्त कोनता काढला? दुर्गचे देवांगन हलवाई… लग्नाच्या सीझनमंदी भट्टीचं सगळं लाकूड माह्याकडूनच नेते. त्यायची मोठ्या लग्नाची ऑर्डर उभी, शनिवारी गाडी येनार. फोनवर सांगून ठेवलं होतं त्यायनं, "काकी, लकड़ी बने चिराय रहय, नइ त मैं जुनवानी ले ले लेहूँ." म्हनजे लाकूड नीट फाडून तयार नसन तं मी जुनवानीच्या टालीवरून घेईन. अन् एकदा का देवांगनची गाडी जुनवानीकडं वळली, का वर्साचं अर्धं काम त्या गाडीत बसून गेलं समजा. हे सगळं मी यायले समजावून सांगतलं. हात जोडून म्हटलं, शनिवार जाऊ द्या, मंग पंप लावा, इंजिन लावा, पाहिजे तं पंख लावा. तं म्हनते, एका दिवसाचं तं शटडाऊन हाय.

मंग जमली मंडळी. चिंधूभाऊ, हे रिटायर फिटर. सुगतभाऊ, हे रिटायर सेफ्टीवाले. अन् पंप आला कबाडी बाजारातून… आहाहा! जुना पंप आपला दुधाच्या गंज-पातेल्याएवढा, अन् हा पानी तापवाच्या गुंडीएवढा! मी विचारलं, जुना कोठे हाय? तं म्हनते, एक्स्चेंजमंदी देल्ला. मले विचारलं? टाल कोनाची, मशीन कोनाची, पंप कोनाचा… अन् एक्स्चेंज करनारा कोन? नशीब, माह्या बदल्यात काई मोठं भेटत नव्हतं.

चिंधूभाऊनं पंपाचं कपलिंग बसवलं. यायनं पाइप जोडले. सुगतभाऊनं काय केलं? सुगतभाऊनं चारी बाजूनं दोरी बांधली अन् मलेच बाहेर काढलं. "वहिनी, हेल्मेटशिवाय आत यायचं नाई." माही टाल जी! तेथे मी नवरी म्हनून आली, तवा हेच सुगतभाऊ वरातीत हेल्मेटशिवाय नाचत होते!

आनि मोटर? मोटरीकडं कोनी पाह्यलं बी नाई. कावून? तं मोटर इलेक्ट्रिकलवाल्याची! आपलं डिपार्टमेंट नाई! इलेक्ट्रिकलवाले म्हनजे निखिलचे बाबा, आमच्यापासून दोन घरं सोडून राहते, हाक मारली तं चहाची कपबशी हातात घेऊन येतीन. पन बोलवाचं नाई. ड्यूटीवर मशीन बंद पडली का हे म्हनत इलेक्ट्रिकलची चूक, ते म्हनत मेकॅनिकलची चूक. जन्मभर दोघायनं एकाच गेटातून सायकली काढल्या, पन चूक कोनाची यावर एक दिवस एकमत झालं नाई. दोघंही रिटायर झाले, भांडन अजून ड्यूटीवरच हाय.

मंग ट्रायल. पंपाले झेंडूचा हार, अगरबत्ती, नारळ. यायनं बटन दाबलं अन्… दट्ट्या असा सर्रकन गेला अन् असा सर्रकन आला, पानी पिनाऱ्या मांजरावर कोनी चप्पल फेकली तसा! चिंधूभाऊनं टाळ्या वाजवल्या, सुगतभाऊनं मोबाइलवर व्हिडिओ काढला, यायची छाती अशी फुगली का सदऱ्याची बटनं तुटतीन वाटलं. खरं सांगतो, मले बी कौतुक वाटलं. घटकाभर. मंग मी म्हटलं, आता लाकूड ठेवा. तिघंही माह्याकडं असे पाहून राहिले, का मी भर मांडवात नवरदेवाचा पगार विचारला.

ठेवला ओंडका. बाभळीचा, मध्यमच. दट्ट्या सर्रकन आला, ओंडक्याले टेकला… अन् थांबला. मोटर हुंऽऽऽ करून कन्हली, अन् खट्! फ्यूज गेला. नवी तार टाकली, दुसरा ओंडका… हुंऽऽऽ… खट्! तिसरा… खट्! मंग सुगतभाऊनं एक फांदी ठेवली. फाटली! टाळ्या! अहो, फांदी! जे मी गुडघ्यावर मोडून चुलीत टाकतो ते!

अन् लगेच निकाल लागला ना, इलेक्ट्रिकल फॉल्ट! मंग आता बोलवा निखिलच्या बाबायले. ते आले… खिशात टेस्टर, केसाले तेल, जसं काई यायच्या बोलावन्याची रिटायर झाल्यापासून वाटच पाहून राहिले होते. मोटरीभोवती एक चक्कर मारली अन् म्हनाले, "मोटर बरोबर हाय. पंप मोठा झाला." हे म्हनाले, "पंप बरोबर हाय. मोटर लहान पडली." ते म्हनाले पंप मोठा, हे म्हनाले मोटर लहान. मी एकदा यायच्या तोंडाकडं पाहतो, एकदा त्यायच्या… बाप्पा, दोघंही एकच गोष्ट सांगून राहिले होते! बैल तोच, अन् गाडीत माल दुप्पट! मी म्हटलं, मंग लहान पंप आना. हे पंपावरचा हार सरळ करून राहिले. मंग मोठी मोटर आना. निखिलचे बाबा म्हनते, तिले मोठं कनेक्शन लागन, ते काई शनिवारच्या आत भेटत नाई. मशीन चांगली चालून राहिली होती, मी म्हटलं. कोनी ऐकलं नाई.

मंग चहा झाला. चहा मीच केला. चौघं बसले बाजंवर अन् हळूहळू बोलून राहिले, पोरगी पाह्यले आल्यासारखे. कप खाली ठेवून निखिलचे बाबा म्हनाले, लोड जास्त देल्ला. हे म्हनाले, होय, लोड जास्त देल्ला. ऑपरेटरची चूक. ऑपरेटर कोन? मी! दोघायनं उठून हात मिळवले जी! साऱ्या जिंदगीत एकदा एकमत झालं, ते माह्यावर, माह्या टालीत, माहा चहा पिऊन!

मी कुऱ्हाडी आनल्या. टाकल्या समोर. म्हटलं, उठा, परवा गाडी येऊन राहिली. चिंधूभाऊची कंबर. सुगतभाऊच्या मते कुऱ्हाड अनसेफ. निखिलचे बाबा म्हनते, हातानं करायचं काम सिव्हिलवाल्यायचं. यायनं मातर उचलली, खोटं कावून बोलू. घाव घातला, घातला, अन् मंग पाठ धरून असे बसले का त्यायले दोघायनं उचलून घरी नेलं. राहिलं कोन? मी, अन् बाभळीचा ढीग. हाताले फोड आले. शनिवारी देवांगन आले तवा अर्धं लाकूड तयार, अर्धं तसंच. मानूस चांगला, एक शब्द बोलला नाई. बोलला असता तं मी बी बोलली असती, भांडली असती. अर्धं भरलं अन् गाडी जुनवानीकडं वळवली. तवापासून अर्धंच नेते. मले त्या दिवशी रडू आलं, सांगून टाकतो.

मंग मी ठरवलं, बस झालं, जुन्यासारखा लहान पंप आनाचा. यायले सांगतलं. त्या दिवसापासून यायनं टालीत येनं बंद केलं. जेवताना भात चिवडून राहत. अंगनात खुर्ची टाकून बसत, अन् शिफ्टचा भोंगा झाला का उठून उभे राहत… अन् परत बसत. मले राग लय हाय जी, पन असं बसलेलं मानूस रोज पाहवत नाई. चार दिवसानं मीच म्हटलं, राहू द्या तो लहान पंप, चला टालीत, मशीनले तुमच्याशिवाय कोन पाहन?

तं आता असं हाय. सकाळी मी कुऱ्हाड घेतो अन् ओंडके फोडतो. फोडलेलं लाकूड यायच्या हातात देतो. हे ते मशीनमंदी ठेवते, बटन दाबते, दट्ट्या सर्रकन जाते, फुटलेल्या लाकडाले अजून एकदा फोडते, अन् सर्रकन वापस येते. मंग हे कपाळावरचा घाम पुसते… हे! हे पुसते! अन् मले म्हनते, "पाह्य अंजना, आता कसं फटाफट काम होऊन राहिलं." मी कुऱ्हाड खाली ठेवतो, कंबर सरळ करतो, अन् म्हनतो… होय जी, मशीन चांगली चालून राहिली.