टब आमचा, पाइप आंटींच्या छतात

आमच्या बाथटबचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? आईच्या कंबरेला शेक मिळावा म्हणून तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये लहानसा टब आणला. तो दोन भिंतींमध्ये इतका गच्च बसला की खालच्या पाइपपर्यंत हातच जाईना. प्लंबर कादरभाई म्हणाले, "नीचेवाली आंटी के बाथरूम की सीलिंग खोल के जोड़ना पड़ता. पूछ के आओ."

खाली ललिता आंटी राहतात. त्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी वर दचकते. जिन्यात वाक्य पाठ करत गेले आणि दार उघडताच विसरले.

"आंटी, आपकी सीलिंग... थोड़ी खोलनी है."

"कायकू?"

"टब है. आई की कमर के वास्ते."

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता सोसायटीची मीटिंग लागणार.

"गरम पानी में बैठे तो आराम होता?"

"डॉक्टर तो बोले."

"खोल लेव. मगर हर शुक्रवार कू टब में पहले मैं बैठती."

गेल्या शुक्रवारी पाऊण तास झाला, तरी आंटी आतच. आई टॉवेल घेऊन दाराशी उभी. "ललिताजी, हो गया क्या?"

"अब्बीच तो बैठी, अक्का. तुम चाय पी लेव. एक मेरे कू भी भेजो."