हिरोकिनचा डावा हात

वहिनी: म्हणजे परत तो काळा सूट घालायचा नाही ना? आधीच सांगा. अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवून मला गोवर आलेल्या म्हशीसारखं उभं केलं होतंत तुम्ही.

भाऊजी: नाही वहिनी, सूट नाही. फक्त बघायला बोलावलंय. बसा. ती खुर्ची मागे पळते, जपून.

वहिनी: बघायला? फोनवर आवाज तर असा होता की ऑफिस बुडालं. तुमच्या दादांनाही सांगितलं नाही मी, तुम्हीच नको म्हणालात म्हणून. जेवलात का?

भाऊजी: हो. म्हणजे, जेवेन. हे बघा. ही हिरोकिन, आमच्या गेममधली.

वहिनी: अगं बाई, तयार झाली? तोंड असं भाजल्यासारखं का केलंय हिचं?

भाऊजी: नावाचा अर्थच तो आहे, आगीत सुरकुतलेली. चेहरा चित्रकारांनी काढलाय. चाल मात्र तुमची. त्या दिवशी कॅमेऱ्यांनी टिपली तीच.

वहिनी: दिसतंय. बस चुकल्यासारखी चालते. सासूबाई लग्न ठरतानाच म्हणाल्या होत्या, मुलगी गुणी आहे, पण घराच्या चौकटी उंच करून घ्याव्या लागतील. दाखवा त्यांना. म्हणावं, बरोबर ओळखलं होतंत. राक्षसीणच निघाली.

भाऊजी: त्या नॉर्स लोकांच्या पुराणात चार ओळींपुरतीच आहे बिचारी. देवांचा लाडका मुलगा मरतो. त्याला नावेत ठेवून समुद्रात सोडायचं, तर नाव एकाही देवाला हलेना. मग हिला बोलावणं धाडतात. लांडग्यावर बसून येते, एका दमात नाव लोटते…

वहिनी: आणि आभार राहिले बाजूला, तो हातोडीवाला देव हिच्याच अंगावर धावतो. आठवतंय हो. गरज सरो नि वैद्य मरो.

भाऊजी: तर तो नाव लोटण्याचा भाग. आमच्या डायरेक्टर मॅडमनी काल बघितला. त्यांना त्यातली एक गोष्ट काढून हवीये, आज संध्याकाळच्या आत. माझं दहा मिनिटांचं काम आहे. पण तुम्हाला न विचारता करावंसं वाटेना.

वहिनी: मला काय विचारायचं त्यात? मी काय कंपनीची मालकीण?

भाऊजी: आधी बघा. नावेपाशी येते… थांबते… आता. डावा हात.

(वहिनी खुर्ची पडद्याजवळ ओढतात.)

वहिनी: परत लावा.

भाऊजी: वहिनी…

वहिनी: लावा हो.

भाऊजी: जितक्या वेळा आपण घेतलं, तितक्या वेळा आहे. लोटायच्या आधी हात पोटावर जातो. मॅडम म्हणतात, हा फालतू हात काढ, हिच्या पोटात कळ आल्यासारखं वाटतं. त्यांना काही माहीत नाही. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं.

वहिनी: कुणालाच नव्हतं. त्याच दिवशी सकाळी मला कळलं होतं. म्हटलं, हे काम उरकू आणि संध्याकाळी यांना सांगू. बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

भाऊजी: नाव म्हणून तुम्ही लोटलंत, ते वाळूच्या पोत्यांचं गाडं मीच लादलं होतं. वर दोन माणसं उलटं रेटायला उभी केली होती. मला रोज…

वहिनी: दवाखान्यातून परत येताना गाडी तुम्हीच चालवत होतात. मागे मी तुमच्या दादांना काय सांगत होते, ते ऐकलंत तुम्ही. लोटण्याचा काही संबंध नाही. पाचव्या महिन्यापर्यंत नीट वाढत होतं. मग ठोके थांबले. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं. उतरवा आता ती पोती डोक्यावरून.

भाऊजी: पण आई म्हणत होती ना…

वहिनी: त्यांना काहीतरी कारण हवंय. मलाही हवंय. नाहीये. हात काढून टाका.

भाऊजी: नक्की?

वहिनी: मग काय करू? विणायला घेतलेलं टोपडं सासूबाईंनी देऊन टाकलं, माझ्या नजरेला नको म्हणून. फोटो नाही. नाव ठेवलं नव्हतं. आणि उरलं काय, तर तुमच्या या डबड्यात माझा एक हात. तो जगभरची पोरं चिप्स खात बघणार. नको. माझ्यासमोर काढा.

भाऊजी: बरं. हे बघा… खाली आला हात.

वहिनी: हं. आता चालवा. …ही अशी वाकडी का उभी आहे?

भाऊजी: तेच सांगणार होतो. तुम्ही सरळ लोटलंच नाहीत, वहिनी. उजवा खांदा लावलात आणि पोट सगळं मागे वळवून घेतलंत. पायसुद्धा त्यासाठी आडवा पडलाय.

वहिनी: तुम्ही तर सरळ लोटायला सांगत होतात.

भाऊजी: कितीदा तरी. दर वेळी तुम्ही हो म्हणालात, आणि दर वेळी वळलात. शेवटी मॅडमच म्हणाल्या, असू दे, राक्षसीण अशीच लोटत असणार. मग तिचं सगळं त्यावरच बेतलं. दार फोडते, लढते, लांडग्यावरून उतरते. खांदा पुढे, पोट मागे.

वहिनी: सगळीकडे?

भाऊजी: सगळीकडे. हात काढता आला. हे काढायचं तर हिरोकिनच नव्याने करावी लागेल.

वहिनी: म्हणजे जाईल तिथे सांभाळत जाते ही.

भाऊजी: हो.

वहिनी: आणि पुराणात हिला मूलबाळ?

भाऊजी: काही लिहिलेलं नाही.

वहिनी: नावेजवळ कोण उभी आहे ती?

भाऊजी: त्या मुलाची आई. तिने जगातल्या प्रत्येक गोष्टीकडून वचन घेतलं होतं, माझ्या मुलाला इजा करणार नाही म्हणून. दगड, झाडं, आजार, सगळ्यांकडून. एक लहानसं रोप तेवढं राहिलं.

वहिनी: मीही सगळ्यांना बजावलं होतं. जिन्याला, ओल्या फरशीला, खोकल्याला. …ते द्या इकडे.

भाऊजी: हा कंट्रोलर? खेळायचंय तुम्हाला?

वहिनी: कुठलं बटण?

भाऊजी: हे. दाबून धरलंत की ती लोटत राहते.

वहिनी: आणि सोडलं तर?

भाऊजी: तर थांबते. परत दाबेपर्यंत नाव काठावरच.

वहिनी: आईसुद्धा तिथेच?

भाऊजी: आईसुद्धा.

वहिनी: मग राहू द्या थोडा वेळ. तुम्ही जेवून या.