एनिड खोटं बोलत नाही

ग्लेनिसनं पाठवलं असणार तुला, बेकरीतल्या. बरोबर ना? ‘एनिडला विचार, एनिड खोटं बोलत नाही’ — असंच म्हणाली असेल. अख्खं पेलिकन बेंड तुला हेच सांगेल, नदीच्या या काठचं आणि त्या काठचंही. बस की. त्या बाकावर बस, पण तो भोपळा आधी खाली ठेव — खाली म्हणजे जमिनीवर नाही रे बाबा, पायरीवर! रविवारी सुगीचा सण आहे आमचा. वेदीची सजावट इतकी वर्षं माझ्याकडे होती. भोपळे खाली, द्राक्षं वर, मधोमध पाव, गव्हाच्या पेंढीसारखा दिसणारा, तो मी स्वतः भाजते. यंदा चर्चच्या मंडळानं ठरवलं, नोलाला देऊ. का, तर नोलाच्या कल्पना ताज्या असतात म्हणे. या बघ ताज्या कल्पना! प्रभूच्या वेदीवर द्राक्षं भरायचा प्लास्टिकचा क्रेट, आणि क्रेटवर काय, तर हा हातमोजा. कामाचा. तळव्यावर उभा चिरलेला. आणि हा डाग कसला ते मी तुला सांगायला नको, तुमच्याच शेडमधला आहे तो. मी काढला. काढलाच! म्हटलं, नोला उठायच्या आत सगळं पुन्हा नीट मांडून टाकावं, म्हणून भल्या पहाटे आले, तर — जाऊ दे. आता तू आलास.

लेइनाला ओळखते का म्हणजे? न ओळखायला काय झालं? द्राक्षं तोडायला आलेली व्हानुआतू बेटांवरची सगळी मंडळी मागच्या बाकांवर बसतात, त्यातली सगळ्यात बारीक ती. शेडमधल्या यंत्राच्या पट्ट्यात हात गेला ना तिचा? आणि तुमचा कंत्राटदार म्हणतो, तिचाच निष्काळजीपणा. मंगळवारी भरपाईची सुनावणी, आणि तुम्ही तिला उद्याच्याच विमानात बसवताय — म्हणजे मंगळवारी हात दाखवायला कुणी उरायलाच नको. आणि ती पळाली, तर तुला धाडलं शोधायला. नाही, मी काही म्हणत नाही. मला त्या भानगडी कळत नाहीत. भानगडी हा नोलाचा प्रांत.

काय? नोलाकडे जाऊन आलास? मग? तिला माहीत नाही म्हणाली? शपथ घेऊन? — थांब, मला जरा हसू दे. आणि तुझा विश्वास बसला नाही. अंगणातली कॅरव्हानसुद्धा उघडून पाहिलीस? पलंगाखाली? आणि ती काय करत होती — रडत होती? नोला? खरंच रडत होती? हं.

अरे, कसा बसेल तुझा विश्वास! नोला म्हणजे… कसं सांगू तुला. मागच्या सणाला दुकानातला केक आणला, वेष्टन माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, आईच्या हातची कृती आहे. आणि लोकांनी कृती लिहून घेतली! दोन नवरे सोडले. चर्चच्या मागं उभी राहून सिगारेट ओढते आणि पाळक दिसले की पाठीआड थोटूक लपवते. पण तुमच्या शेडमधल्या बायकांना डॉक्टरकडे कोण नेतं? नोला. तुमच्या त्या पत्र्याच्या खोल्यांत पंखे नाहीत म्हणून पेपरवाल्यांना कोण घेऊन आलं? नोला. फोटो छापून आला तिचा, केस विस्कटलेले, बटण चुकीच्या काजात. मी कात्रण काढून ठेवलंय. का ठेवलंय ते मला विचारू नकोस.

मी एका माणसालाही फसवलं नाही आयुष्यात. कुणालाच नाही. माझा नवरा, क्लेम, आजारी होता — शेवटचा आजार — तेव्हा त्यानं मला विचारलं, एनिड, मी यातून उठेन का गं? आणि मी म्हटलं, नाही, क्लेम. कारण डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. संध्याकाळी नोला आली, शेजारीणच ना, सूप घेऊन — करपलेलं — आणि पलंगाच्या कडेवर धपकन बसून म्हणाली, क्लेम, लेका, नाताळात आपण मासे धरायला जायचंय, जाळं शिवून ठेव. आणि तो हसला. किती दिवसांत हसला नव्हता, तो हसला, आणि म्हणाला, नोला, तुझ्या वजनानं होडी बुडेल. मी दारात औषध घेऊन उभी. नाताळ त्यानं पाहिला नाही, ते तिलाही माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. खरं मी बोलले. पण हसला तो तिच्याकडे बघून.

हे मी तुला कशाला सांगतेय? तू तर द्राक्षांच्या कंत्राटदाराचा माणूस.

जळते मी तिच्यावर. आता विचारलंस म्हणून सांगते — विचारलं नाहीस? मग न विचारता सांगते. संडे स्कूलमध्ये मी मुलांना दहा आज्ञा शिकवायचे, तेव्हा खोट्या साक्षीची आज्ञा चांगली घोळून घोळून शिकवायचे, आणि तिच्यानंतरची, शेजाऱ्याच्या गोष्टींवर डोळा ठेवू नये ती, घंटा व्हायच्या आत उरकून टाकायचे. घर तिचं माझ्याहून लहान. गाडी खटारा. मग कशावर डोळा? सांगते कशावर. इथं ऑर्गन मी वाजवते. ही व्हानुआतूची मंडळी आली आणि गायला लागली, चार आवाजांत, ऑर्गनशिवाय. अरे, ऑर्गनशिवाय! मी वाजवायला लागले की माझ्यासाठी सावकाश होतात बिचारी, म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. आणि नोला — सूर कशाशी खातात ते तिला ठाऊक नाही — ती मधोमध उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडते, आणि तिच्या गळ्यात पडतात सगळी. मामा नोला, मामा नोला! माझ्याशी काय, तर हात मिळवतात. ‘नमस्कार, मिसेस ट्रेगेन्झा.’ झालं.

आणि वरून आमचे पाळक! गेल्या महिन्यात प्रवचनात म्हणाले, नुसतं स्वतः चांगलं राहणं म्हणजे अंगण झाडायचं आणि दार लावून बसायचं. देव अंगणाबद्दल विचारेल, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचं काय केलंत, हेही विचारेल. आणि सगळ्यांनी वळून नोलाकडे पाहिलं. ती डुलक्या घेत होती! त्या प्रवचनात तीच होती आणि तिनं ऐकलंसुद्धा नाही. बाहेर पडताना मला म्हणते कशी, ‘एनिड, तुझं मन इतकं लख्ख आहे ना, की आत पाऊल टाकायची भीतीच वाटते माणसाला.’ हसत हसत म्हणाली, तिच्या मनात काही नसतं. मी घरी गेले आणि बसले. माझ्या सोफ्यावर अजून चादर असते, उन्हानं रंग उडू नये म्हणून. तिथं बसून आठवत राहिले, की माझ्या दारात रडत असं शेवटचं कोण आलं होतं? नोलाकडे रोज कुणीतरी. माझ्याकडे कोण? कुणी नाही. कालपर्यंत कुणी म्हणजे कुणी नाही.

कालपर्यंत म्हणजे कालपर्यंत. आजचा दिवस अजून संपलाय का? मग आजचं कसं सांगू?

आणि नोलाची मदत तरी कशी, ते ऐक. करते सगळं, पण निम्मं. डॉक्टरकडे नेलं, फोटो आला, वाहवा झाली, आणि पट्टी? पट्टी बदलायची कुणी? ओली झालेली, सैल, वास मारणारी, आणि सोडून बघते तर अंगठ्याखाली पू. मला बघवेना. कोमट मिठाच्या पाण्यात हात धरला तेव्हा पोरीनं हूं की चूं केलं नाही, नुसती माझ्या बाहीला घट्ट धरून बसली, अजून सुरकुती आहे बघ इथं —

काय? कधी म्हणजे?

तू एकसारखे प्रश्न विचारतोस रे. चहा घेतोस का? थर्मास आहे माझ्याकडे. थांब, तिसरा कप आणते…

असा बघू नकोस माझ्याकडे. कप आहेत ते, चर्चचे. आणि त्या दाराकडे काय बघतोस? ती पाळकांची खोली. झगे असतात तिथं, स्तोत्रांची जुनी पुस्तकं, आणि ऑर्गनचा जुना मोडका भाता. बस खाली. उठलास का?

बरं. विचार. सरळ विचार, आडून आडून नको. सगळं गाव तुला म्हणालं ना, एनिडला विचार म्हणून? मग मला विचार.

विचारलंस. आता ऐक.

मी एनिड ट्रेगेन्झा. याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, याच वेदीसमोर लग्न झालं, क्लेमची शवपेटी इथंच ठेवली होती, तू आत्ता उभा आहेस तिथं. या वेदीसमोर उभी राहून सांगते. लेइना इथं नाही. त्या खोलीत कुणी नाही. हात धुतला तो गेल्या रविवारी, उपासना झाल्यावर, मागच्या नळावर. दुसरा कप पाळकांचा, ते आत्ताच गेले. आणि लेइना सकाळच्या बसनं ॲडलेडला गेली, मी येताना स्टॉपवर पाहिली तिला. निळा स्वेटर होता अंगात. हातात चौकटीची पिशवी. हो, एकटीच. पुढच्या दारानं चढली, खिडकीशी बसली. मी हात केला, तिनं केला नाही.

खोली उघडून दाखवू? दाखवते ना. किल्ली आणते. पण मग गावात जाऊन सांग सगळ्यांना, की एनिड ट्रेगेन्झाच्या शब्दावर तुझा विश्वास बसला नाही म्हणून. ग्लेनिसलाच सांग आधी.

नको? मग जा. बस वाटेत थांबत थांबत जाते, गाठशील तू. आभार कसले मानतोस? पायरी बघून उतर. आणि तो भोपळा, अरे तो — राहू दे. मी उचलते. तू जा.

…

गेला. नाही, इतक्यात बाहेर येऊ नकोस, गाडी वळू दे. वळली. गेली हमरस्त्याला. ये आता. ये गं. निळा स्वेटर म्हणे! कुठून आला तो स्वेटर माझ्या तोंडात? आहे का तुझ्याकडे निळा स्वेटर? नाही ना. आणि किती पटकन आला बघ, जसा आतल्या कपाटात घडी घालून ठेवलेला.

लेइना, एक विचारू? राग मानू नकोस. पहाटे तू आलीस — थेट इकडेच आलीस का? म्हणजे, माझ्याकडे?

हं.

आधी नोलाकडे. दार वाजवलंस. उठली नाही. झोपेची गोळी घेते ती, कानाशी नगारे वाजवलेस तरी उठायची नाही. आणि मग चर्चमध्ये दिवा दिसला. कुणाचा ते तुला माहीतही नव्हतं.

नाही नाही, रडू नकोस. बरं केलंस खरं सांगितलंस. लबाडी करू नये माणसानं.

तो हातमोजा दे इकडे. बाकावर आहे बघ, मीच फेकला होता. इथं ठेवू, पावाशेजारी. वाकडा दिसतोय? राहू दे वाकडा. तुझाच आहे, लाजतेस काय. चहा गार झाला तुझा, तो ओत खाली आणि दुसरा घे, हात वर धरून बस, आणि जरा गप्प राहा, मला फोन करायचाय. माझी गाडी सगळं गाव ओळखतं. नोलाच्या खटाऱ्यात मागं ताडपत्री आहे, गोण्या आहेत, माणूस झोपला तरी दिसत नाही.

हॅलो, नोला? मी एनिड. एनिड! अगं हो, मीच फोन केलाय, तुला. रडणं थांबव आधी आणि ऐक. आहे. इथंच आहे, चर्चमध्ये, चहा पितेय. बरी आहे. नोला, अगं ऐक ना — खोटं बोलून झाल्यावर पुढं काय करायचं असतं?

हसू नकोस. नोला, हसू नकोस म्हणते ना! गाडी घेऊन ये.