झटका मशीन

डॉ. मेघा : म्हणजे इस्त्री पडून भाजलं, असं लिहू मी? इस्त्री, आणि ती या जागी?

दिपमाला : ते मी नाही म्हटलं, मॅडम. आत्याबाईंनी म्हटलं.

मंजुळाबाई : मंग काय सांगू? सासूले काहीतरी सांगनंच पडस.

डॉ. मेघा : आजी, इस्त्रीचा डाग लांबट असतो. हे दोन गोल डाग आहेत, मांडीच्या आतल्या बाजूला, पार वरपर्यंत. दिपमालाताई, दार लावलेलं आहे. तुम्ही बोला.

दिपमाला : बोलते की. त्यासाठीच असोद्याहून आलेय. माझ्याकडे करंटचं मशीन आहे. दोन पॅड चिकटवायचे, झिणझिण्या येतात. कंबर दुखते म्हणून नाही घेतलं. मला बरं वाटतं म्हणून घेतलं. तसलं बरं.

मंजुळाबाई : ऐकी ल्या. तोंडावर सांगस. डाक्टरीणबाई, तुम्हीच हिले समजाडा. विधवा बाईले हे शोभस का?

डॉ. मेघा : आजी, शोभतं की नाही ते माझ्या खात्यात येत नाही. भाजलं कसं ते येतं. ताई, मशीन आणलंय?

दिपमाला : आत्याबाईंच्या पिशवीत आहे. जप्त केलंय त्यांनी.

डॉ. मेघा : बघू. हं. आणि हा एवढा मोठा चार्जर कशाचा? हा याचा नाही.

दिपमाला : वावरातल्या झटका मशीनचा. रानडुकरांसाठी केळीच्या बागेला तार लावलीये ना, तिच्या बॅटरीचा.

डॉ. मेघा : आणि तो याला लावलात?

दिपमाला : याचा जळाला. नवीन मागवायचा तर पार्सल नवलभाऊंच्या हातात पडणार. माझे दीर, ते फोडून बघतात सगळं. म्हटलं हेही झटका मशीन, तेही झटका मशीन. पिन बसली, म्हणून लावला.

डॉ. मेघा : पॅड अंगावर असताना?

दिपमाला : हो.

डॉ. मेघा : दिपमालाताई, आता मी रागावणार आहे. मशीन वापरलं म्हणून नाही, हे केलं म्हणून. भिंतीतला करंट आणि तुमचं अंग यांच्यामध्ये फक्त हा चार्जर होता. तो आतून बिघडला असता तर तुम्ही इथे बोलत बसला नसता.

दिपमाला : हे मला माहीत नव्हतं.

डॉ. मेघा : सांगणार कोण? म्हणून माझ्याकडून ऐका. चार्जिंग चालू असताना अंगाला लावायचं नाही. ज्याचा त्याचाच चार्जर. पॅडला काही लावलं होतं का?

दिपमाला : ते सुकले होते, चिकटत नव्हते. खोबरेल लावलं.

डॉ. मेघा : तेलाने करंट सारखा पसरत नाही. जिथे टेकतो तिथेच भाजतो. पॅड सुकले की टाकून द्यायचे. जेल लागलंच तर पाण्यातलं, याच कामाचं.

मंजुळाबाई : काय वं बाई. मी हिनं हे मशीन सोडवाले लयनू, आन् ह्या हिले शिकाडी ऱ्हायन्यात.

दिपमाला : शिकवू द्या, आत्याबाई. नवलभाऊ म्हणाले विहिरीत टाका. मी टाकणार नाही. डुकरं बागेत घुसली त्याचा दोष माझा, चार्जर मी नेला म्हणून तारेची बॅटरी उतरली, ते मी कबूल केलं. त्यांचे पाय धरायलाही तयार आहे त्या केळीपायी. पण या मशीनसाठी मी कोणाची माफी मागणार नाही.

मंजुळाबाई : लोके काय म्हनतीन?

दिपमाला : लोकांना कोण सांगतंय? माझे मालक, प्रेमराज, गेले तरी मी तुमच्या घरातच राहिले. तुमचं पाणी भरलं, औषधं दिली, केळी कापणीला मजुरांची भाकर केली. दुसरा नवरा कर म्हणून कोणी विचारलं नाही, मीही मागितला नाही. कोणाच्या दारात उभी राहिले का? माझ्या खोलीत, कडी लावून, माझ्या अंगाला बरं वाटलं तर कोणाचं काय गेलं?

डॉ. मेघा : ताई, अजून थोडं ऐका. साखरेचा आजार आहे? त्या भागात बधिरपणा?

दिपमाला : नाही.

डॉ. मेघा : बरं. जखम भरेपर्यंत बंद. रोज साध्या पाण्याने धुवा, मी देते ते मलम लावा. हळद, टूथपेस्ट काही नको. पू झाला किंवा ताप आला तर लगेच या. पुढे सुरू कराल तेव्हा अगदी कमीपासून, हळूहळू. चटका बसला की थांबायचं, सहन करायचं नाही. आतमध्ये घालायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं घ्या, हे पॅड नकोत. ते वापरण्याआधी आणि नंतर धुऊन पुसून ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. छातीवर, गळ्यावर कधीच लावायचं नाही. गरोदर बाईने, फिट येणाऱ्याने आणि छातीत पेसमेकर असलेल्याने तर नाहीच.

मंजुळाबाई : काय म्हन्यात? छातीमा काय?

डॉ. मेघा : पेसमेकर, आजी. हृदय चालू ठेवणारं मशीन.

मंजुळाबाई : मन्ही छातीमा शे ते. धुळाना डाक्टरनी बसाडेल शे.

डॉ. मेघा : मग तुम्ही याच्यापासून लांबच राहा. पिशवीत बंद असलं तर काही होत नाही, घाबरू नका. फक्त चालू करून स्वतःला लावू नका.

मंजुळाबाई : मी कसाले लावू?

दिपमाला : आत्याबाई, एक विचारू? तुमच्याही छातीत बॅटरीच आहे ना. तीही करंटच देते. ती बसवून तुम्ही घरी आलात तेव्हा नवलभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. तेव्हा लाज कोणाला वाटली नाही.

मंजुळाबाई : ते जीवनं काम व्हतं.

दिपमाला : हेही जिवाचंच आहे.

(मंजुळाबाईंचा फोन वाजतो. त्या पिशवीतून फोन काढतात.)

दिपमाला : नवलभाऊंचा असेल. सांगा त्यांना काय सांगायचं ते. पण मी परत देणार नाही.

मंजुळाबाई : थांब वं. बोलू दे माले. हा, नवल. हो, दवाखानामाच शे. तिले बरं शे, मलम दिधं. चार्जर मन्हा पिशवीमाच शे, तो घरी लई येस, आजच तारले लावी दे. काय? नई, विहिरमा काहीच टाकनं नई. चार्जर तुना शे, तो तुले भेटी. मशीन तिनं शे.