अंड्यावरचं बोट

अल्बेनियात देवाचं नाव घेतलं तरी तुरुंग होता, त्या दिवसांतली पावाची रांग. चोरून ऐकणं आणि वर कळवणं हा थोमाचा धंदाच. तो मागे येऊन उभा राहिलाय, याचा पुढच्या दोघींना पत्ता नव्हता.

"पोलिक्सेनी, बोटं लाल कशानं गं?"

"बीट चिरलं."

"मला नको शिकवूस. ईस्टरची अंडी रंगवलीस. हात खिशात घाल."

"त्याच हातानं थोमाच्या दारात एक अंडं ठेवलं. पांढरंच होतं, पण वर बोट उमटलं."

"तुझ्या नवऱ्याला आत टाकणाऱ्याच्या दारात?"

"त्याचं पोर आजारी आहे."

"आता तुलाही नेईल तो, बये."

"भीती वाटतेच गं. रात्रभर डोळा लागला नाही."

"पोरानं खाल्लं," थोमा हळूच म्हणाला. "टरफल मी चुलीत घातलं."

दोघींपैकी कुणीच मागे वळलं नाही.